चिमणीतली मुले

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे सभेत ठरले, तेव्हा शेंगाचटणीची कृती देऊन मोकळे व्हावे असा माझा बेत होता. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "चटणीची कृती तिघींनी दिली आहे. इतिहासावर मात्र एकही लेख नाही. तो तुम्ही लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावात शाळा तेवढीच होती, आणि पाठच्या भावंडांना सांभाळायला घरात माणूसही हवे होते. तेव्हा इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार तो काय! तरीही लेखणी हाती घेतली, याला कारण माझी थोरली मुलगी.

ती कॉलेजात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा विषय इंग्रजी. संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की ती समोर बसून मोठ्याने वाचते आणि मला मराठीत समजावून सांगते. आईला समजले म्हणजे आपल्याला नीट समजले, असा तिचा हिशेब. गेल्या हिवाळ्यात तिला एक प्रश्न होता. लहान मुलांची आयुष्ये कष्टापायी आणि इजेपायी कशी धुळीला मिळाली हे निरनिराळ्या कवींनी कसे दाखविले, याची तुलना करायची होती. तिने उत्तर लिहिले, परीक्षा झाली, निकालही लागला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही. त्याचे माझ्यापुरते उत्तर येथे लिहिते आहे. काही चुकले तर जाणत्या भगिनींनी सांभाळून घ्यावे.

पहिला कवी विल्यम ब्लेक. त्याच्या एकाच नावाच्या दोन कविता आहेत. एक १७८९ सालची, दुसरी १७९४ सालची. दोन्हींत बोलतो तो धुराडे झाडणारा मुलगा. धुराड्याला आपण चिमणी म्हणतो. धुराड्याची चिमणी इंग्रजीतून आली, पण आपली चिमणी म्हणजे अंगणात दाणे टिपणारे पाखरू, आणि चिमणी म्हणजे घरातली लहान मुलेसुद्धा. त्यामुळे चिमणीत चढविलेल्या चिमण्या मुलांची ही हकीकत ऐकताना माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

लंडनची थंडी मोठी. घरात खोलीखोलीला भिंतीतली शेगडी असे. तिच्यात कोळसा जळे आणि धूर भिंतीतूनच वर छपरापर्यंत जाई. आत काजळी साठली की धूर कोंडे, कधी ती काजळीच पेट घेई. ही धुराडी अरुंद आणि वळणावळणाची. मोठे माणूस आत शिरणे शक्य नसे. म्हणून पाच-सहा वर्षांची मुले आत चढवीत. गरीब आईबाप थोड्या पैशांवर आपले मूल धुराडेवाल्या मालकाच्या हवाली करीत. पोरक्या मुलांची रवानगीही बऱ्याच वेळा तिकडेच होई. कोपर आणि गुडघे भिंतीला रेटून मूल वर सरके. त्याची कातडी सोलून निघे. ती निबर व्हावी म्हणून जखमांवर मिठाचे पाणी चोळून त्याला आगीजवळ उभे करीत. भीतीने मूल मध्येच थांबले तर खाली गवत पेटवीत. काही मुले आत अडकून गुदमरली. जी जगून मोठी झाली त्यांच्यापैकी कित्येकांना काजळीमुळे अवघड जागी कर्करोग होई. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने हे १७७५ साली लिहून ठेवले. माणसाच्या धंद्यातून कर्करोग होऊ शकतो हे तेव्हा प्रथमच कोणी दाखवून दिले.

१७८८ साली इंग्लंडात कायदा झाला, की आठ वर्षांखालच्या मुलाला या कामाला घेऊ नये. पण तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोणी नेमलेले नव्हते. त्यानंतर वर्षभरात ब्लेकची पहिली कविता आली.

ब्लेक काही मोठा पंडित नव्हता. तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून पोट भरणारा तो कारागीर. कविता स्वतः कोरायचा, स्वतः छापायचा, रंगही घरीच भरायचा. १७८२ साली लग्न झाले तेव्हा त्याच्या बायकोला, कॅथरीनला, सही येत नव्हती. तिने कागदावर फुली मारली. पुढे नवऱ्याने तिला लिहा-वाचायला शिकविले आणि ती त्याच्या कामात बरोबरीने हात लावू लागली. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण आपल्यातही नाव लिहायला उशिरा शिकलेल्या भगिनी आहेत.

पहिल्या कवितेतला मुलगा सांगतो, की आई गेली तेव्हा तो अगदी लहान होता आणि वडिलांनी त्याला विकले तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हते. ही मुले गल्लीतून "स्वीप, स्वीप" म्हणजे "झाडू का, झाडू का" अशी हाळी देत जात. बोबड्या तोंडून त्याचे "वीप" होई, आणि इंग्रजीत "वीप" म्हणजे रड. बोलायला येण्याआधीच त्या पोराच्या तोंडी रडण्याची हाळी आली. त्याच्या सोबत्याचे केस कापतात. सोबती रडतो, तर हाच त्याची समजूत घालतो. रात्री त्या सोबत्याला स्वप्न पडते. हजारो मुले काळ्या पेट्यांत बंद आहेत, देवदूत किल्ली घेऊन येतो, आणि सारी नदीत न्हाऊन उन्हात बागडतात. मग पहाट होते. अंधारातच पोरे उठतात, झाडू आणि पोती उचलतात आणि कामाला निघतात. आपले काम इमानाने केले तर आपले वाईट होणार नाही, या समजुतीवर कविता संपते.

हा शेवट ऐकून मी मुलीला म्हटले, "चांगली शिकवण आहे." ती म्हणाली, "आई, ही शिकवण देतो कोण? ज्याची शेगडी साफ व्हायची आहे तो!" तेव्हा माझ्या ध्यानात आले. मुलाला दुसरा आधारच नाही, म्हणून मोठ्यांनी दिलेले वाक्य तो गोड मानून घेतो. ब्लेक त्याला हसत नाही आणि ते वाक्य खरेही म्हणत नाही. पाच वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या कवितेत तो पडदाही उरत नाही. बर्फात एक काळे मूल उभे आहे. आईबाप कुठे आहेत असे विचारले, तर ते देवळात प्रार्थनेला गेले आहेत. मूल म्हणते, मी अजून हसतो-नाचतो, म्हणून माझे काही नुकसान केले असे त्यांना वाटतच नाही. भगिनींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी मला ते पुन्हा लागणार आहे.

१८०३ साली लांब दांड्याचा, सांधे असलेला ब्रश निघाला. मुलाला आत न घालता धुराडे साफ करता येऊ लागले. तरी मुले चढतच राहिली. ब्रशाने काजळी खोलीत उडेल, गालिचे खराब होतील, वळणात ब्रश पोहोचणार नाही, असे घरोघरच्या लोकांना वाटे. घर स्वच्छ ठेवण्याची चिंता कोणाला असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १८२४ साली जेम्स माँटगोमेरी या सद्‌गृहस्थाने या मुलांच्या बाजूने एक पुस्तक काढले, त्यात ब्लेकची पहिली कविताही छापली. १८३४ साली नवा कायदा झाला. १८४० सालच्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या कोणालाही धुराड्यात चढविण्याला बंदी केली. तीही पाळली गेली नाही. शेवटी १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या एका वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकून मेला. मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी असा कायदा झाला, की पोलिसांकडून परवाना घेतल्याशिवाय हा धंदाच करता येईना. तेव्हा कुठे ही चाल मोडली. पहिल्या कायद्यापासून मोजले तर सत्याऐंशी वर्षे लागली.

दुसरी कविता एका बाईची. एलिझाबेथ बॅरेट हिने १८४३ साली ती एका मासिकात छापली. तिच्या नावाचे मराठी करायचे तर "मुलांचा टाहो" असे होईल. ही बाई प्रकृतीने फार नाजूक. लंडनमधल्या घरात एका खोलीत तिची वर्षे गेली. कारखाना किंवा खाण तिने पाहिली असेल असे वाटत नाही. पण १८४२ साली खाणींत राबणाऱ्या मुलांविषयी सरकारी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता, आणि त्या चौकशीत तिचा एक स्नेही काम करीत होता. त्या अहवालात चित्रेही होती. कमरेला पट्टा आणि साखळी बांधून, हातापायांवर रांगत, मुले कोळशाची गाडी ओढीत आहेत. पाच-सहा वर्षांची मुले खाणीच्या अंधारात दिवसभर एकटी बसून हवेसाठी ठेवलेले दार उघडतात आणि लावतात. हे वाचून घरात बसलेली बाई अस्वस्थ झाली आणि तिने लेखणी उचलली.

तिच्या कवितेत एक मूल नाही, मुलांचा घोळका आहे. कोकरे, पाखरे, फुले आपापल्या जागी आनंदात आहेत, आणि माणसांची मुले तेवढी रडत आहेत. त्यांना कोणी म्हटले, जा, कुरणात खेळा, तर त्यांना पळायचे त्राण नाही. कुरणात जाऊन झोपावे एवढेच त्यांना वाटते. कारखान्यातली चाके दिवसभर फिरतात आणि त्यांबरोबर भिंत, आकाश, डोके सारे फिरते. त्यांच्यातली एक लहानगी मेली आहे, आणि बाकीच्या मुलांना तिचा हेवा वाटतो, कारण आता तिला कोणी कामाला उठवीत नाही. आपल्या लेकराच्या तोंडून मरण बरे असे शब्द यावेत, याहून आईला काय ऐकायचे उरते?

ही बाई सौम्य बोलत नाही. ती देशालाच जाब विचारते आणि पोराचा हुंदका बलवानाच्या रागाहून जड असतो असे बजावून थांबते. तिच्या काळी पार्लमेंटात हा वाद चालूच होता. १८४२ च्या कायद्याने बायका-मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीच्या पोटात उतरविणे बंद झाले. १८४४ च्या कायद्याने कापडाच्या गिरण्यांत आठ ते तेरा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला साडेसहा तासांवर आले. त्याच कायद्याने कामाला लावण्याचे वय मात्र नवावरून आठावर आणले! एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

या बाईविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्या वडिलांच्या घराण्याचा पैसा जमैका बेटावरच्या उसाच्या मळ्यांतून आलेला होता, आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर उभे होते. ज्या खोलीत बसून तिने मुलांसाठी अश्रू ढाळले, त्या खोलीचे भाडेही कोणाच्या तरी घामातून येत होते. हे तिला ठाऊक होते. पुढे गुलामगिरीविरुद्धही तिने कविता लिहिली. मी हे तिला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्याचे हात अगदी स्वच्छ आहेत त्यानेच बोलावे असा नियम केला, तर बोलायला कोणी उरणार नाही.

तिसरी कविता अमेरिकेतली. रॉबर्ट फ्रॉस्ट याची, १९१६ सालची. तिचे नाव शेक्सपिअरच्या "मॅकबेथ" नाटकातून घेतले आहे. तिथे माणसाच्या आयुष्याला विझणाऱ्या मेणबत्तीची उपमा दिली आहे. न्यू हॅम्पशायर प्रांतात बेथलहेम नावाच्या गावी १९१० साली एक मुलगा करवतीच्या यंत्राच्या अपघाताने मरण पावला होता. फ्रॉस्टला तो माहीत होता.

या कवितेत दुष्ट मालक नाही, कारखानाही नाही. डोंगरातले घर, अंगण, संध्याकाळची वेळ. एक मुलगा यंत्राच्या करवतीवर शेगडीची लाकडे कापतो आहे. अर्धा तास आधी त्याला सोडले असते तर किती बरे झाले असते, असे कवीला वाटते. पण कोणी सोडले नाही. बहीण स्वयंपाकाचा एप्रन बांधून येते आणि जेवायला हाक मारते. त्या क्षणी करवत हातावर येते. मुलगा बहिणीला विनवितो, की डॉक्टरांना माझा हात कापू देऊ नकोस. हात गेलेलाच असतो. डॉक्टर येतात, गुंगीचे औषध देतात, आणि नाडी लागेनाशी होते. ज्यांचा जीव गेला नव्हता ते आपापल्या उद्योगाला लागले, एवढे सांगून कवी थांबतो. शोक नाही, शिव्या नाहीत, शिकवणही नाही.

माझी मुलगी म्हणाली, "ही कविता फार कोरडी आहे." मला ती तिन्हींत अधिक बोचली. ब्लेकचा मुलगा स्वतः बोलतो, म्हणून आपल्याला त्याची माया येते. बॅरेटबाई मुलांची बाजू घेऊन आपल्याशी भांडतात, म्हणून आपल्याला राग येतो, आणि तो राग कारखानदारावर काढता येतो. फ्रॉस्ट आपल्याला माया करू देत नाही आणि रागवायला माणूसही देत नाही. तिथे उभे असलेले सारे आपल्यासारखे आहेत. चांगले आहेत, जेवायला बोलावणारे आहेत.

तिन्ही कविता शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. तिन्हींत मागे एक घर आहे. ब्लेकचा मुलगा वाचणाऱ्याला सांगतो, की मी झाडतो ती धुराडी तुमची आहेत. दुसऱ्या कवितेतल्या मुलांनी फिरविलेल्या चाकांवरचे कापड कोणाच्या तरी अंगावर जाते, खाणीतला कोळसा कोणाच्या तरी शेगडीत जातो. तिसरीत तर चुलीची लाकडेच आहेत. मूल जिथे जखमी होते तिथून ऊब निघते आणि ती घरात येते. धुराडेवाला, गिरणीवाला यांच्यावर कायद्याने बोट ठेवले. कविता मात्र उबेला बसलेल्या माणसाकडे पाहते.

आता हे सारे परदेशचे म्हणून सोडून देता येईल का? आपल्या सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी निघाली. मुंबईत त्याच्याही आधी गिरण्या सुरू झाल्या होत्या, आणि भरलेल्या बॉबिना काढणे, रिकाम्या लावणे अशा कामांना तिथे लहान मुले असत. कारखान्यांचा पहिला कायदा आपल्याकडे १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. सातव्या वर्षी नऊ तास, आणि त्याला संरक्षण म्हणायचे! १८९१ साली वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सात झाले. या कायद्यांमागे दयेबरोबर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थही होता. हिंदुस्थानचे स्वस्त कापड त्यांना नको होते. पण मुंबईच्या कामगारांच्या बाजूने नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे आपले पुढारीही उभे राहिले होते, हे आपण विसरू नये.

आणि जखम म्हणजे रक्तच निघाले पाहिजे असे नाही. केशवसुतांनी "अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न" ही कविता लिहिली. तिच्यातल्या मुलाला कोणी करवतीवर बसविले नाही, धुराड्यात घातले नाही. त्याची सावलीही नको, म्हणून त्याला बाजूला व्हायला सांगितले, आणि त्याने आईला कारण विचारले. तेवढ्या एका प्रश्नात पोराचे आयुष्य कुठे दुखावले ते दिसते. ब्लेकच्या मुलाची जशी समजूत घातली जाते, तशी याची घालायला त्या आईपाशी शब्दच नाहीत.

स्वराज्यात राज्यघटनेने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याची कामे यांत लावण्याला मनाई केली. १९८६ साली बालमजुरीचा कायदा झाला. त्यात विड्या वळण्याचे कामही बंद कामांच्या यादीत होते. पण घरच्यांच्या मदतीने घरीच चाललेले काम त्यातून सुटले होते, आणि विड्यांची सुपे घरोघर असलेल्या आपल्या शहरात याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला आणि हॉटेलांत ठेवण्याला बंदी झाली. २०१६ साली ती सर्वच धंद्यांना लागू झाली. घरच्या कामात शाळा सांभाळून हातभार लावण्यापुरती सूट राहिली. तरी २०११ च्या शिरगणतीत पाच ते चौदा वर्षांची एक कोटीहून अधिक मुले कामावर असल्याची नोंद आहे.

या तारखा मुलीने मला वाचून दाखविल्या आणि म्हणाली, "आई, २००६ म्हणजे मी जन्मले ते साल." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "मला झोळीत घालून झोपविणारी एक मुलगी होती असे आजी सांगायची. ती कुठे गेली?"

भगिनींनो, मी लेख लिहायला घेतला तो या प्रश्नापायी. २००७ साली, माझी ही मुलगी सव्वा वर्षाची असताना, आमच्या घरी एक अकरा वर्षांची पोर होती. माझ्या माहेराजवळच्या वाडीतली. तिच्या वडिलांनीच आणून सोडली. दोन वेळचे जेवण, कपडे आणि महिना तीनशे रुपये. मी तिला कधी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. माझ्या ताटातले तिला दिले. हे मी अठरा वर्षे स्वतःला सांगत आले. एका सकाळी मूल रडत होते, यांची कामावर जायची वेळ झाली होती, आणि मी ओरडले, "अगं, पाणी आण लवकर!" ती आंघोळीचे कढत पाणी पातेल्यातून नेत होती. घाईत पाय घसरला आणि पाणी उजव्या हातावर गेले. डॉक्टरांकडे नेले, मलमपट्टी केली. आठव्या दिवशी वडील येऊन तिला घेऊन गेले. मी पाचशे रुपये आणि दोन फ्रॉक दिले. पुढच्या आठवड्यात दुसरी, वयाने मोठी बाई मिळाली, आणि आम्ही आपापल्या उद्योगाला लागलो. फ्रॉस्टची कविता मला का बोचली ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा विचारत विचारत तिच्या घरी गेले. आता ती तिशीला आलेली बाई आहे, रोजाने शेतात जाते. उजव्या हाताची दोन बोटे आत वळून राहिली आहेत. खुरप्याची मूठ त्या हातात बसत नाही, म्हणून ती डाव्या हाताने खुरपते. तिने मला ओळखले. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "वैनी, बाळ केवढं झालं आता?" कॉलेजात जाते म्हटल्यावर हसली. "लई रडायची. झोळीत घातल्याबिगर झोपायची न्हाई." मी क्षमा मागायला गेले होते. ते शब्द कसेबसे तोंडातून निघाले. तिने हात पदराखाली घेतला आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. खुंटीला तिच्या मुलीचे दप्तर टांगलेले होते. पाचवीला आहे म्हणाली.

बसमध्ये परत येताना मनाला वाटू लागले, की चला, ती हसली, रागावली नाही, म्हणजे फारसे बिघडले नाही. आणि तेवढ्यात ब्लेकची ती दुसरी कविता आठवली. मूल हसते-नाचते, म्हणून आपण त्याचे नुकसान केले असे त्या आईबापांना वाटतच नाही. ते देवळात जातात. मी बसमध्ये बसले होते, एवढाच फरक. तिचे हसणे हा तिचा मोठेपणा. त्याची पावती करून मी माझ्या नावावर जमा करणे बरोबर नाही. म्हणून ही गोष्ट येथे माझ्या नावाने लिहून ठेवते आहे. तिचे नाव मात्र लिहीत नाही.

कवितांनी कायदे झाले असे मी म्हणणार नाही. ब्लेकच्या कवितेनंतर शहाऐंशी वर्षे मुले धुराड्यात चढतच होती. पण काजळी कोणाच्या घरची आहे हे कविता सांगते, आणि ते एकदा कळले की माणसाला पूर्वीसारखी झोप लागत नाही. आपल्या मंडळात हळदीकुंकू असते, भिशी असते, एकमेकींच्या घरी जाणे होते. कुठे दार उघडायला दहा-अकरा वर्षांची पोर आली, तर तिच्या हातातला ट्रे घेताना तिला विचारू या, "बाळ, कितवीत आहेस?" उत्तर आले नाही, तर घरच्या बाईशी दोन शब्द बोलू या, आणि त्याने भागले नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. बाईला वाईट वाटेल हे खरे. मला २००७ साली कोणी विचारले असते तर मलाही वाटले असते. कोणी विचारले नाही, एवढेच.